आधी प्रयोगशाळा जागत्या ठेवा

मुंबईत पवईच्या आयआयटीत ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते रक्ताच्या कर्करोगावरील 'नेक्सकार१९' या देशी उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांत जनुकीय बदल करायचा आणि कर्करोगाशी लढायला त्या पुन्हा शरीरात सोडायच्या, असा हा 'कार-टी' उपचार. अमेरिकेत त्याला तीन-चार कोटी रुपये लागतात. इथे तो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात मिळू लागला. तो घडवणारी 'इम्युनोअ‍ॅक्ट' ही कंपनी प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या आयआयटीतील प्रयोगशाळेतून २०१८ मध्ये जन्माला आली.

एका हुशार प्राध्यापकाची करामत म्हणून याकडे पाहिले, तर त्यातला धडाच हरवतो. कंपनीला सुरुवातीचा आसरा मिळाला तो आयआयटीने २००४ पासून चालवलेल्या 'साइन' या नवउद्योग-संवर्धन केंद्रात. टाटा स्मारक या कर्करोग केंद्राचे डॉक्टर याच महानगरात होते. प्रयोगशाळेत तयार झालेली पेशी माणसाला द्यायची कशी आणि कोणाला, हे तेच ठरवू शकत होते. २०२१ च्या जूनमध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले तेही त्यांच्याच देखरेखीखाली. धोक्याच्या टप्प्यावर केंद्र सरकारच्या 'बायरॅक' या जैवतंत्रज्ञान संस्थेचा निधी आला. पाठोपाठ हैदराबादच्या लॉरस लॅब्जने ४६ कोटी रुपये गुंतवले. केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. रुग्णालय, सरकारी पैसा, खासगी भांडवल आणि नियामक यांनी वेळेवर साथ दिली, म्हणून शोधनिबंधाचे औषध झाले.

अशा प्रवासाला वेळही लागतो. याच 'साइन'मध्ये वाढलेली ड्रोन बनवणारी 'आयडियाफोर्ज' २००७ मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली २०२३ मध्ये.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 'व्हेंचर सेंटर' २००७ पासून नवउद्योग वाढवण्याचे हेच काम निगुतीने करते आहे. नवउद्योजकाला न परवडणारी उपकरणे, भाड्याची प्रयोगशाळा, पेटंटचा सल्ला, हे सारे तिथे एका छताखाली मिळते.

राज्याच्या विद्यापीठांचे काय? २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी स्वतंत्र संचालकपद दिले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नवोपक्रम धोरणाने प्राध्यापकांना कंपनीत भागीदारी घेण्याची आणि त्यासाठी रजेची वाट मोकळी केली. परिसरही अनुकूल आहे: कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाजवळ शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाजवळ वाळूजचे कारखाने आहेत, घाटी हे सरकारी रुग्णालय आहे. मात्र प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. जे आहेत, त्यांचे दिवस तासिका, परीक्षा आणि मूल्यांकनाच्या फायलींत जातात. संशोधक विद्यार्थी विद्यावेतनासाठी आंदोलनाला बसतात. ज्या विभागात संशोधनच थंडावले आहे, तिथून कंपनी निघणार कशी? नव्या केंद्रांची उद्घाटने हे त्यावरचे उत्तर नाही.

राज्य सरकारने आधी रिक्त पदे भरावीत आणि संशोधकांचे विद्यावेतन दरमहा वेळेवर द्यावे. कुलगुरूंनी प्राध्यापकांच्या रजेचे व भागीदारीचे नियम स्पष्ट लिहून जाहीर करावेत, आणि शेजारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी व औद्योगिक वसाहतीशी लेखी करार याच शैक्षणिक वर्षात करावेत.