परसबाग आणि जुन्याचे मोल

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी जांभा, म्हणजे येथील लोहयुक्त सच्छिद्र खडक, पाणी फार काळ धरून ठेवत नाही. त्यामुळे न्हाणीचे सांडपाणी अळू-केळीकडे वळवणारे परसदार, म्हणजे घरामागची लागवडीची जागा, हे काटकसरीचे शिक्षणच ठरले. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आणि विरलेल्या लुगड्यांची गोधडी यांतही, वस्तूचे आयुष्य वाढवणारी तीच काटकसर आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तारा’ कारली आणि ‘कोकण श्वेता’ पडवळ परसबागेच्या परंपरेला बळ देतात. येत्या पावसाळ्यात वाचकांनी जुन्या बादलीत माती भरून निदान एक वेल अवश्य लावावा.