चित्र हवं, पण भाषेचंच चित्र नको

‘अन ल्योअर मोर’ या नावाचा अर्थ ‘मोठं पुस्तक’. मॅल्कम मॅकलेन आणि थिओ डॉर्गन यांनी संपादित केलेलं हे पुस्तक एडिंबराच्या कॅननगेटने २००२ साली काढलं. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या १०० गेलिक कविता, अगदी जुन्यांपासून आजच्या कवींपर्यंत, आणि त्यांवर १०० चित्रकारांची कामं. सुलेखनकारांनी कवितेच्या ओळी चित्रांत गुंफल्या आहेत. असं देखणं पुस्तक हातात आलं की तक्रार करायचा धीर होत नाही. तरीही मला या प्रकारच्या पुस्तकांशी भांडायचं आहे.

भांडण चित्रांशी नाही. ‘चित्रामुळे वाचकाची कल्पनाशक्ती बांधली जाते’ हा नेहमीचा आक्षेप मला कधीच पटला नाही. कॅथलीन जेमी आणि चित्रकार ब्रिजिड कॉलिन्स यांचं ‘फ्रिशर’ (२०१३) बघा. स्तनाच्या कर्करोगावरच्या शस्त्रक्रियेनंतर जेमींच्या छातीवर राहिलेला व्रण तिथे चित्रांचाही विषय आहे आणि गद्यकवितांचाही. चित्रं काढून टाकली तर ते पुस्तकच उरणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. गेलिक न येणारा वाचक, आणि मीही त्यातलाच, असं पुस्तक उघडून काय करतो? इंग्रजी भाषांतर वाचतो, चित्र पाहतो, आणि गेलिकसुद्धा नुसतं पाहतो. वळणदार अक्षरं, त्यांवरच्या तिरक्या खुणा, वा! मूळ कविता स्वतःच्याच पुस्तकात नक्षी होऊन बसते.

गेलिकमध्ये लिहिणारे क्रिस्टोफर व्हाइट यांनी त्याच २००२ साली कवीने स्वतःच्या कवितेचं भाषांतर करण्याविरुद्ध निबंध लिहिला. मला त्यांचं म्हणणं पटतं. शेजारच्या पानावर खुद्द कवीचं इंग्रजी असलं, की मूळ कवितेपाशी थांबायचं कारणच उरत नाही. त्यात भर म्हणून चित्र आलं, की नजरेला जायला आणखी एक सोयीची जागा मिळते.

कुणी म्हणेल, अशा पुस्तकांमुळे निदान भाषेकडे लक्ष तरी जातं. जातं, मान्य. पण स्कॉटलंडच्या जनगणनेचे आकडे पाहा. गेलिक थोडीफार तरी येणारे लोक २०११ मध्ये सुमारे ८७ हजार होते, २०२२ मध्ये ते सुमारे १ लाख ३० हजार झाले. त्याच काळात पश्चिमेकडच्या बेटांवर, म्हणजे या भाषेच्या घरातच, ती बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. भाषेचं कौतुक वाढलं म्हणून घरातलं बोलणं टिकेलच असं नाही.

म्हणून पुढच्या सचित्र संग्रहाकडे माझं मागणं आहे. सुलेखन वाचता येईल असं ठेवा. प्रत्येक ओळीखाली शब्दाला शब्द अर्थ द्या. कवीच्या आवाजातली कविता ऐकायची सोय करा. गुळगुळीत इंग्रजी भाषांतर पुस्तकाच्या शेवटी छापा. आणि चित्रं खुशाल भरपूर असू द्या, फक्त त्यांच्याकडे वळण्याआधी आम्हाला एक तरी गेलिक ओळ मोठ्याने, चुकतमाकत का होईना, म्हणायला लावा.