ठिणगी आणि बॅटरी

होडीच्या मागील फळीस बसविलेली आउटबोर्ड मोटर समुद्रात बंद पडली, की बहुतेकांची दृष्टी प्रथम बॅटरीकडे वळते. वाचकहो, दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान मोटरीच्या बाबतीत हा संशय बहुधा व्यर्थ ठरतो. तिच्या गतिचक्रात चुंबके असतात. ती फिरली, की खालच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. ठिणगीचे वेटोळे निराळे आणि बॅटरी भरण्याचे निराळे. त्यामुळे बॅटरी निर्जीव असूनही ठिणगी पडू शकते. इंधन फवारणारी आधुनिक मोठी यंत्रे मात्र बॅटरीवाचून चालत नाहीत.

ठिणगीचा शोध स्वस्त गोष्टीपासून आरंभावा. नावाड्याच्या मनगटास बांधावयाच्या सुरक्षा-दोरीची चाप जागेवर आहे ना? ती निसटली असता ठिणगी पडतच नाही. पुढे प्लग पाहावा. केरळच्या किनाऱ्यावर कित्येक लहान मासेमारी नौकांच्या मोटरी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याची पद्धत रूढ झाली. रॉकेलाची वाफ सहज होत नसल्याने प्लगच्या टोकावर काजळी लवकर धरते. थांबविण्यापूर्वी काही मिनिटे यंत्र पुन्हा पेट्रोलवर चालविणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

पेट्रोलची वाफ उडून जाऊ द्यावी; मग प्लग काढून, टोपी चढवून, त्याचे धातूचे अंग यंत्रास घट्ट टेकवावे आणि दोरी ओढावी. उघड्या हातात प्लग धरू नये, धक्का जबर बसतो! निळसर, करकरीत ठिणगी दिसली तर दोष इंधनात शोधावा. न दिसल्यास, यंत्र बंद करण्याच्या बटणाची तार सोडवून पुन्हा पाहावे. ही तार ठिणगीची वीज जमिनीस जोडूनच यंत्र थांबविते; खाऱ्या पाण्याने तिचे आवरण गेले, की ती अवेळीही तेच करते. ठिणगी परतली तर महागडी ठिणगी-पेटी विकत घेण्याचे कारणच उरत नाही! तार मात्र दुरुस्त करून पुन्हा जोडल्याविना समुद्रात जाऊ नये.

आता बॅटरी. भरलेली, स्वस्थ बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. यंत्र मध्यम वेगात चालू असता हा आकडा साधारण 13.5 ते 14.5 पर्यंत चढावयास हवा. न चढल्यास प्रथम बॅटरीची गंजलेली टोके घासावीत, नंतर फ्यूज पाहावा, मगच रेक्टिफायरवर संशय घ्यावा. हा बिचारा बहुधा मनुष्याच्याच हातून मरतो: तारा उलट जोडल्याने, किंवा चालत्या यंत्राची बॅटरी सोडविल्याने.

परीक्षेसाठी मोटर किनाऱ्यावर चालवावयाची तर तिचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवावा. कोरडी चालविल्यास पाण्याच्या पंपातील रबरी पंखा काही क्षणांत झिजतो.