होडीतली ती

मैत्रिणींनो, जुनं कॅलेंडर रद्दीत घालण्याआधी त्यातलं एखादं चांगलं चित्र तुम्हीही कापून ठेवता ना? माझ्या स्वयंपाकघरात असंच एक चित्र आहे. वाफेनं डागाळू नये म्हणून काचेत बसवून ओट्यापासून जरा दूर लावलंय. नदी, लांबवर शिडाच्या होड्या, आणि पुढच्या होडीत चित्र रंगवत बसलेला एक गृहस्थ.

नदी सीन, गाव पॅरिसजवळचं आर्जांतय, साल १८७४. गृहस्थ म्हणजे चित्रकार क्लोद मोने, आणि त्याचं हे चित्र काढलं त्याचा मित्र एदुआर माने यानं. (नावांत घोटाळा होतो खरा!) पाण्यावरचं ऊन क्षणाक्षणाला बदलतं, ते काठावरून कसं पकडणार? म्हणून मोनेनं होडीतच खोली करून घेतली होती. रंगही एव्हाना आपल्या टूथपेस्टसारखे नळ्यांत मिळत, त्यामुळे सारा पसारा बरोबर नेता येई.

बरेच दिवस मी पाणीच पाहत होते. जवळ गेलं तर नुसते रंगाचे फटकारे; चार पावलं मागे आलं की पाणी हलतंय! मग एक दिवस लक्ष गेलं मोनेच्या मागे. खोलीच्या दारात एक बाई बसली आहे. ती त्याची बायको, कामीय. तिचा चेहरा मानेनं दोन-चार फटकाऱ्यांतच उरकलाय.

त्यांचं लग्न १८७० सालचं. नवऱ्याच्या कितीतरी चित्रांसाठी ही तासन् तास उभी राहिली. १८७९ मध्ये आजारपणात गेली, वय अवघं बत्तीस. मागे दोन मुलगे; धाकटा जेमतेम दीड वर्षाचा. मृत्युशय्येवरही मोनेनं तिचं चित्र काढलं. तिच्या चेहऱ्यावरचे बदलते रंग आपण नकळत टिपत होतो, असं त्यानंच पुढे म्हातारपणी कबूल केलं. त्याला माया म्हणावी की सवय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा आमच्याकडे ‘ह्यां’नी विचारलं, ‘‘त्या चित्रात रोज एवढं काय बघतेस?’’

म्हटलं, ‘‘मागे बसलेली बाई दिसली का तुम्हाला?’’

चष्मा लावून जवळ गेले. ‘‘अरेच्चा! ही कधीपासून इथे आहे?’’

‘‘पहिल्यापासून,’’ मी म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवलं.