न जुळणारा हिशेब

नारायणगावच्या शाखेत मी व्यवस्थापक होतो, तेव्हापासूनच्या ओळखीचे एक बागायतदार गेल्या उन्हाळ्यात घरी आले. हातात टोमॅटोची पिशवी आणि चेहऱ्यावर काळजी. त्यांची मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेऊन शिकते. "साहेब, पोरगी म्हणते, सुटीत खोडदच्या दुर्बिणीवर काम करायचंय. मी म्हणतो, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. तुम्हीच समजवा तिला. तुमचं ऐकेल."

उभी हयात बँकेत घालवलेल्या माणसाने दुसरा काय सल्ला द्यावा? पण मी म्हटले, "आधी जाऊ तर द्या. परत आली की बोलू."

खोडदची ही दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथल्या शेताशिवारात उभ्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली तेव्हा जड पत्र्याऐवजी तारांची ताणलेली जाळी वापरली आणि वजन व खर्च दोन्ही वाचवले. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की आसपासचा गोंगाट कमी असलेली जागा शोधावी लागते. म्हणून हा परिसर निवडला गेला. या मुलीने त्या तबकड्या लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिल्या होत्या. आत पाऊल पडायला मात्र तिला विशी गाठावी लागली.

परत आल्यावर ती मला भेटली. "काय शोधलंस?" मी विचारले. "काही नाही, काका," ती हसली. "म्हणजे, चुकीचं सापडलं."

तिला जुन्या नोंदी चाळून ठराविक अंतराने येणारे ठोके शोधायचे होते. पल्सार नावाचे तारे स्वतःभोवती फिरताना दीपगृहासारखा झोत टाकतात, तो आपल्याला ठोक्यांसारखा जाणवतो. तीन आठवडे हाती काही लागले नाही. मग एके रात्री दर १० मिलिसेकंदांनी येणारा ठोका सापडला. तिला रात्रभर झोप नाही! सकाळी मार्गदर्शकांनी शांतपणे विचारले, "आपल्याकडची वीज सेकंदाला किती आवर्तनं करते?" पन्नास. प्रत्येक आवर्तनात दोनदा दाब शिखरावर जातो आणि सैल जोडावर ठिणगी उडते. सेकंदाला शंभर, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक. तिचा तारा कुठल्यातरी शिवारातल्या विजेच्या खांबावर होता.

"मला रडू आलं," ती म्हणाली. "सर म्हणाले, पान फाडू नकोस. तारीख घाल आणि कसं फसलीस ते लिही. पुढच्याला उपयोगी पडेल."

हे ऐकून मला माझी खातेवही आठवली. बँकेत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. ताळेबंदात काही पैशांचा फरक आला तर सारी शाखा रात्री दहापर्यंत थांबे. खिशातून पैसे घालून मोकळे होणे सोपे होते, पण तो फरक म्हणजे कुठेतरी लपलेल्या चुकीची खूण असे. प्रयोगशाळेत ही मुलगी नेमके हेच शिकून आली. हिशेब जुळत नसेल तर जुळवायचा नाही, का जुळत नाही ते शोधायचे.

आता प्रश्न आपल्या व्यवस्थेचा. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासात इंटर्नशिप आणि संशोधन आणले. हेतू चांगलाच आहे. पण इंटर्नशिपला श्रेयांक आले की प्रमाणपत्र आले, आणि प्रमाणपत्र आले की शिक्का आला. तिच्या वर्गातल्या काहींनी ओळखीच्या दुकानदाराकडून कागद आणून फाइलला लावला आणि महाविद्यालयाने तो बिनबोभाट स्वीकारला. खऱ्या संशोधनाच्या संधी नाहीत असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रांत उन्हाळ्यात विद्यार्थी घेतले जातात. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही मिळतात. पण अर्जाची मुदत तालुक्याच्या सूचनाफलकापर्यंत पोहोचते का? या मुलीला ती शहरातल्या मावसभावाकडून कळली, तीही शेवटच्या आठवड्यात. गुणवत्तेआधी नातेवाईक लागतो, हे काही बरे लक्षण नव्हे.

दुसरा प्रश्न पैशाचा. २०२०-२१ मध्ये आपला देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करीत होता. चीनचा आकडा दोन टक्क्यांच्या वर आहे. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. कर्जाची प्रकरणे तपासण्यात आयुष्य गेलेला मी एवढेच म्हणेन की अपेक्षित रक्कम जमेच्या बाजूला धरू नये.

शिवाय हे असे कर्ज आहे, ज्याच्या परतफेडीची तारीख कुणी सांगू शकत नाही. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे जाहीर केले. त्यात खोडदच्या दुर्बिणीच्या नोंदी होत्या. सगळ्या दुर्बिणी मिळून सुमारे २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. इतकी वर्षे कुणीतरी रात्र रात्र बसून पल्सारांचे ठोके मोजत होते आणि विजेच्या खांबांचे ठोके वेगळे काढत होते. माझ्या शाखेत असे प्रकरण आले असते तर मी ते पहिल्याच पानावर नामंजूर केले असते.

परवा तिचे वडील पुन्हा आले. "मग साहेब, काय सांगायचं पोरीला?"

मी म्हटले, "बँकेची परीक्षा वाईट नाही, माझे घर तिच्यावरच चालले. पण शैक्षणिक कर्जात बँकसुद्धा अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि वर वर्षभर हप्ता मागत नाही. तुम्ही बाप आहात. तेवढी सवलत तिला द्या."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वरच्या शिवारातल्या खांबावर रात्री ठिणगी उडते. वायरमनला सांगतो. पोरीच्या कामात अडथळा नको."