गिअरबॉक्सच्या ऑइलची जन्मभराची थाप

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं ऑइल जन्मभर बदलावं लागत नाही, असं जो सांगतो तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा पोरगा बहुधा अडाणी असतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं. ज्यांनी शिकवलं ते मात्र अडाणी नाहीत. त्यांच्याकडे रसायनतज्ज्ञ आहेत, चाचण्यांची यंत्रं आहेत, कुठलं ऑइल किती तापमानाला किती तास टिकतं याचे तक्ते आहेत. एवढं सगळं हाताशी असताना ही माणसं मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स ऑइलच्या पुढे नुसतं ‘तपासा’ लिहितात, किंवा रकाना कोराच सोडतात. माझा राग त्यांच्यावर आहे.

आधी हे ऑइल करतं काय ते बघू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिकमधलं ऑइल, ज्याला गॅरेजमध्ये एटीएफ म्हणतात, वंगण देतंच. पण इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणारंही तेच असतं. व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांतून दाबाने फिरून गिअर बदलणारं तेच आणि सगळी उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारंही तेच. त्यावर आणखी एक काम, सगळ्यांत नाजूक: क्लच प्लेटा एकमेकींना भिडताना त्या किती घसराव्यात आणि कधी घट्ट धराव्यात, हे या ऑइलमधली रसायनं ठरवतात. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला, म्हणजे हे तंत्र आठ दशकांहून जुनं आहे, आणि घर्षणाचं हे गणित तेव्हापासूनच अवघड आहे. एके काळी ते जमवायला अमेरिकेत एटीएफमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशांच्या संरक्षणासाठी त्यावर बंदी आली आणि तेल कंपन्यांना पर्यायी रसायनं शोधायला धावाधाव करावी लागली. ज्या द्रवाचा एक घटक गेल्यावर अख्ख्या उद्योगाला नवी जुळणी करावी लागली, त्या द्रवातले घटक दहा वर्षं झिजले, जळले, तुटले तरी काही बिघडत नाही, असं आपण मानायचं?

झिजतात, जळतात, तुटतातच. ऑइलचा दाटपणा टिकवणारे लांब रेणू दात्यांमध्ये चिरडून आखूड होतात. हवा आणि उष्णतेने ऑइल ऑक्सिडाइज होतं, त्याचा चिकट थर व्हॉल्व्हवर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकायला लागतात. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. आता घोडबंदर रोडवर मे महिन्यात, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये डी लावून, ब्रेकवर पाय ठेवून उभ्या असलेल्या गाडीचा विचार करा. कन्व्हर्टरची एक बाजू इंजिनबरोबर फिरतेय, दुसरी थांबलेली आहे, मधल्या मध्ये ऑइल घुसळलं जातंय. गाडी इंचभर पुढे जात नाही, त्यामुळे इंजिन तिथे घालतं ती सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्येच उतरते. तीच गाडी शनिवारी पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढते, नाहीतर आंबोली.

मॅन्युअल शेवटच्या पानांपर्यंत वाचलंत तर ‘तीव्र वापर’ किंवा ‘कठीण परिस्थिती’ असा एक कोपरा सापडतो. सतत थांबत-चालत जाणं, धूळ, उष्ण हवा, चढउतार, लहान अंतरं. हे मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधल्या रोजच्या रस्त्याचंच वर्णन आहे. अपवाद म्हणून छापलेली ही परिस्थिती आपल्याकडे नियम आहे, आणि ज्या ‘सामान्य’ वापरावर मुख्य तक्ता बेतलाय तसा वापर इथे जवळपास कुणाचाच होत नाही. गाडी इथे विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तरी शोरूममध्ये गाडी हातात देताना या कोपऱ्यावर बोट ठेवणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

सगळ्यांत संतापजनक गोष्ट पुढे आहे. जर्मनीतली झेडएफ ही कंपनी गिअरबॉक्स बनवते. तिचा आठ गिअरचा ८एचपी बीएमडब्ल्यूपासून लँड रोव्हरपर्यंत अनेक महागड्या गाड्यांत बसतो. झेडएफ स्वतः सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांत, ऑइल बदला. या गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्येच फिल्टर बसवलेला असतो आणि नवं चेंबर, बोल्ट, ऑइल असा पूर्ण किट ती विकते. तोच गिअरबॉक्स ज्या गाड्यांत बसतो, त्यांतल्या कित्येकांच्या मालकांना गाडीच्या कंपनीकडून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की हे ऑइल जन्मभराचं आहे. यंत्र ज्याने घडवलं तो म्हणतो बदला, यंत्र ज्याने गाडीत बसवून विकलं तो म्हणतो गरज नाही. दोघांपैकी घडवणाऱ्याचं ऐकायचं, एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. मर्सिडीजचीही तीच कथा. १९९० च्या दशकात आलेल्या त्यांच्या पाच गिअरच्या ७२२.६ गिअरबॉक्समध्ये ऑइल ‘कायमचं’ भरलेलं होतं. पुढे त्याच कंपनीला ते बदलण्याचा टप्पा ठरवून द्यावा लागला.

याच ७२२.६ मध्ये डिपस्टिकची नळी होती, पण पट्टी नव्हती. नळीच्या तोंडावर फक्त वर्कशॉपने उघडायचं झाकण. मग ही रीतच पडली. आज बहुतेक नव्या ऑटोमॅटिकमध्ये नळीसुद्धा नसते. पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर सपाट घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं, स्कॅनर लावून ऑइलचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास नेमून दिलेल्या टप्प्यात आणायचं आणि मग खालचा बोल्ट उघडून बारीक धार थेंबावर येईपर्यंत थांबायचं. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून तापमानाची ही अट खरी आहे, ती मी नाकारत नाही. पट्टी असली की लोक भलतंच ऑइल ओततात, कचरा जातो, हा कंपन्यांचा बचावही अर्धा खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून मालकाचे डोळेच बांधायचे? इंजिनची पट्टी अजून बहुतेक गाड्यांत आहे. तिथेही लोक चुका करतात. गिअरबॉक्सची पट्टी गेल्यामुळे झालं एवढंच, की सीलमधून थेंब थेंब गळून ऑइल लिटरभर कमी झालं तरी गाडी झटके मारेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. तोवर पंप हवा ओढत असतो आणि क्लच प्लेटा जळत असतात.

मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्रश्न धसास लावला. गाडी साठ हजारांच्या पुढे गेली होती. ॲडव्हायझर म्हणाला, “सर, गिअरबॉक्स ऑइल कंपनीने दिलेलंच नाहीये, लाइफटाइम आहे.” मी म्हटलं, “ठीक आहे, हेच जॉबकार्डवर लिहा आणि खाली सही करा.” तो हसला. मग मॅनेजरकडे जाऊन आला. “सर, तसं लिहून नाही देता येत.” त्याच जॉबकार्डवर एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग आणि इंजिन डिकार्बनायझिंग मात्र मला न विचारता लिहिलेलं होतं. ज्याची गाडीला गरज नाही ते आपणहून लिहायचं, आणि ज्यावर गाडीचा जीव आहे त्याबद्दल एक ओळ कागदावर उतरवायची नाही.

यात कंपन्यांचा फायदा सरळ आहे. देखभालीचा खर्च कमी दिसला की गाडी खपते. शिवाय वॉरंटीच्या काळात जुन्या ऑइलवरही गिअरबॉक्स तग धरतो. तो जातो सहाव्या, आठव्या, दहाव्या वर्षी, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या दारात उभी असते. सेकंडहँड ऑटोमॅटिक कोण घेतं? गुडघे दुखायला लागले म्हणून क्लच नको झालेले निवृत्त शिक्षक, किंवा पहिली गाडी घेणारं नोकरदार जोडपं. त्यांच्या हातात लाखाच्या पुढचं एस्टिमेट पडतं आणि वर ऐकवलं जातं की ऑटोमॅटिक गाड्यांचा हा प्रॉब्लेम असतोच. वेळेवर ऑइल बदललं असतं तर हे काम काही हजारांत भागलं असतं.

बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही मी सोडणार नाही. ‘जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो’ ही त्यांची लाडकी दंतकथा. त्यात तथ्य असेल तर एवढंच, की क्लच प्लेटा आधीच संपल्या असतील तर नवं ऑइल त्या परत आणत नाही. अशा वेळी दोष ऑइल बदलण्याचा नसतो, फार उशिरा बदलण्याचा असतो. एकदा चेंबर उतरवताना शेजारी उभे राहा. तळाच्या लोहचुंबकांवर लोखंडी भुकटीचा राखाडी गाळ बसलेला असतो. तो पातळ आणि मऊ असेल तर झीज नेहमीची. बोटाला कण टोचले, किंवा काळ्या ऑइलला करपट वास आला, तर आत मोठं काम आहे, आणि ते ग्राहकाला तिथेच चेंबर दाखवून सांगायचं असतं. हे न करता मशीन लावून ‘फ्लशिंग’च्या नावाखाली पैसे उकळणारे आहेत. नुसता ड्रेन बोल्ट उघडून, कन्व्हर्टरमध्ये निम्मं जुनं ऑइल तसंच ठेवून, पूर्ण बदललं असं बिल फाडणारेही आहेत. निम्मंच बदलणं हा गुन्हा नाही. थोड्या अंतराने दोनदा-तीनदा तसं करणं ही चांगली पद्धत आहे. पण बिलावर तसं लिहा.

सगळ्या गाड्यांना चालणारं लाल ऑइल विकणाऱ्यांचा धोका याहून मोठा. लाल रंग ही नुसती रंगद्रव्याची करामत; गळती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावं म्हणून घातलेली. त्यावरून ऑइलची जात कळत नाही. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुलींच्या मध्ये केवळ पकडीवर चालतो. तिथे साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात. एएमटी, जो २०१४ च्या सेलेरियोपासून आपल्याकडे घराघरात पोचला, हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच आणि गिअर हलवायला यंत्र लावलेला. त्याला गिअर ऑइल लागतं आणि क्लच-गिअर हलवणारं यंत्र हायड्रॉलिक असेल तर त्याचा द्रव वेगळा. फोक्सवॅगनच्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला कंपनीनेच ६०,००० किलोमीटरचा टप्पा दिला आहे. त्याच कंपनीच्या सात गिअरच्या डीएसजीसाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या विद्युतपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता, म्हणून तिथे मिनरल ऑइल भरायचं ठरलं. कारखान्याने भरलेलं ऑइलसुद्धा हवामानापुढे चुकू शकतं, हे एवढ्या मोठ्या कंपनीने जाहीरपणे मान्य केलेलं आहे. कोकणात, मुंबईत गाडी चालवणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूच्या दर्जाची आणि मानकाची माहिती मिळण्याचा हक्क देतो. गिअरबॉक्समध्ये कुठल्या मानकाचं ऑइल आहे, किती लिटर आहे, आपल्या हवामानात ते किती किलोमीटरवर आणि किती वर्षांनी बदलायचं, हे या हक्कात बसत नसेल तर मग बसतं तरी काय? पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे. मायलेजचा आकडा तिथे तपासून, शिक्का मारून मिळतो. देखभालीच्या तक्त्यालाही तशीच बाहेरची तपासणी हवी, आणि त्यात ‘तीव्र वापर’ हाच मुख्य रकाना हवा. जी कंपनी जन्मभराचा दावा करते तिने गिअरबॉक्सची वॉरंटीही पंधरा वर्षांची द्यावी. बघू किती जण पुढे येतात.

तोवर, गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांनी ६०,००० किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा, मॅन्युअलमध्ये नाव दिलेल्या मानकाचंच ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावा. कंपनीने त्याहून आधीचा टप्पा दिला असेल तर तोच पाळावा. सर्व्हिस सेंटर नाही म्हणालं तर तो नकार लेखी मागावा. लेखी देत नसतील तर सेंटरला ईमेल पाठवून उत्तर मागावं आणि तो ईमेल जपून ठेवावा. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणाऱ्याने मायलेज विचारायच्या आधी गिअरबॉक्स ऑइलचं बिल मागावं. बिल नसेल तर ऑइल बदलण्याचा आणि चेंबर उघडून तपासण्याचा खर्च सौद्यातून वजा करून मगच आकडा बोलावा.