बारामतीच्या ध्वनिक्षेपकापुढे कोण?

विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ अशी सामुदायिक नभोवाणीची दोन केंद्रे एकट्या बारामतीस लाभली, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांच्या गावीही नसेल. त्यात त्यांचा दोष नाही. शंभर वॅटच्या मर्यादेत बोलणाऱ्या केंद्राचा आवाज दहाबारा किलोमीटरांपलीकडे सहसा पोहोचत नाही, आणि पुणे तर शंभर किलोमीटर दूर. तरीही या लहानशा मनोऱ्यांचा प्रश्न आम्ही पहिल्या पानावर मांडीत आहोत. आणि तोही शेतीसल्ल्यासंबंधी किंवा आरोग्यविषयक भाषणांसंबंधी नव्हे, तर सुशिक्षित माणूस ज्याला करमणूक म्हणून बाजूस सारतो त्या विविधरंगी कार्यक्रमासंबंधी. एक भजन, त्यामागून एखादी नक्कल, मग शाळकरी मुलीची कविता, दोन उखाणे, मध्येच कोणाचा तरी दूरध्वनी, असा तो कार्यक्रम. आमचे म्हणणे एवढेच की, अशा केंद्रांनी हा कार्यक्रम आठवड्यातून निदान एकदा, आधी मुद्रित न करता, थेट प्रक्षेपित केला पाहिजे. आणि शक्य तेव्हा तो स्टुडिओतून नव्हे, गावातून केला पाहिजे.

या केंद्रांचा जन्म कशासाठी झाला ते आठवावे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये कृषी विज्ञान केंद्रे व सेवाभावी संस्थांना नभोवाणीचे दार उघडले. परवान्यात अट अशी की, निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून सिद्ध व्हावेत. ‘सहभाग’ हा मात्र मोठा सोयीचा शब्द आहे. डॉक्टरांच्या भाषणाआधी गावकऱ्याने ‘नमस्कार’ म्हटले तरी सहभाग होतो, आणि तेवढ्यावर कागद रंगवणारांची या देशात वाण नाही. जो कार्यक्रम गावकऱ्यावाचून उभाच राहू शकत नाही, त्यातला सहभाग कागदावर दाखवावा लागत नाही. असा कार्यक्रम म्हणजे हा विविधरंगी तास.

पुणे जिल्ह्याला हा धडा नवा नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या अवधीत आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. मंडळात सुमारे वीस माणसे. आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि शंका व निर्णय केंद्राकडे पत्राने कळवायचे. जेथे लोक ऐकून बोलत होते त्या गावांच्या ज्ञानात भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती फारच थोडी पडली, असे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी केलेल्या पाहणीत दिसून आले. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली आणि पुढे ती सरकारी उत्साहाच्या नेहमीच्या वाटेने विरून गेली. परंतु तेव्हाही गावाचे बोलणे टपालाने जात होते. आज ते त्याच क्षणी ध्वनिक्षेपकात बोलता येते. साधन एवढे जवळ आले असता आपण गावाला पुन्हा नुसते ऐकावयास बसवावे काय?

मुद्रितच का करू नये, असा प्रश्न व्यवस्थापक विचारतील. मुद्रणाने खोकला काढता येतो, चुकलेला ताल काढता येतो, अडखळणे काढता येते. खरे आहे. पण खोकला काढता काढता बोलीही निघून जाते, हा अनुभव आहे. कापणारा तरुण बहुधा शहरात शिकलेला असतो. ‘अशुद्ध’ म्हणून तो जे कापतो तेच पुष्कळदा त्या गावचे म्हणून असते. शिवाय आपले बोलणे नंतर तपासले जाणार, हे ठाऊक असलेला माणूस आधीच स्वतःला तपासून बोलू लागतो. ज्यांनी आयुष्याची काही वर्षे शाळेत काढली आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. स्नेहसंमेलनात पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणणारा मुलगा आणि मधल्या सुट्टीत मित्रांना तमाशातील सोंगाड्याची नक्कल करून दाखविणारा मुलगा, हे दोन्ही एकच असतात. गुरुजींना मात्र पहिलाच तेवढा माहीत असतो.

आणि ज्या बारामतीत मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला व १७९४ साली देह ठेवला, त्या गावाला समोरासमोरच्या कलेचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये. पंतांची आर्या पोथीत राहिली असती तर पंडितांपुरती राहिली असती. कीर्तनकारांनी ती रंगात उभी केली, म्हणून ती अक्षरशत्रू श्रोत्यापर्यंत गेली. कीर्तनकाराला समोरचा श्रोता पेंगला की कळते. तो आख्यान आवरतो, एखादी कोपरखळी मारतो, टाळकऱ्याला खूण करतो. थेट कार्यक्रमाच्या निवेदकाचे कसबही याच जातीचे आहे. ते मुद्रणाच्या खोलीत शिकता येत नाही.

परवान्याची भीती मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास व राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करण्यास मनाई आहे, आणि बारामतीत दोन माणसे बोलू लागली की तिसरे वाक्य निवडणुकीचे येते! भर कार्यक्रमात एखादा शाहीर कोणाचे नाव घेऊन गेला तर जाब केंद्राला द्यावा लागेल. पण यावर उपाय जुना व स्वस्त आहे. आवाज काही सेकंद रोखून मग सोडणारी योजना जगभरच्या केंद्रांत वापरली जाते. तेवढ्या अवधीत सावध निवेदक बटण दाबू शकतो. धोका उरतोच, थोडा. तो पत्करण्याचे बळ एखाद्या नवख्या मंडळापाशी नसेल. परंतु विद्या प्रतिष्ठान ही १९७२ पासून उभी असलेली संस्था आहे आणि कृषी विज्ञान केंद्रामागेही मोठा विश्वस्त निधी आहे. यांनीच बिचकावयाचे तर धजावयाचे कोणी?

आपल्यासारख्या सुशिक्षितांचा खरा आक्षेप निराळाच असतो. तो सुराचा असतो. खिशातल्या दूरध्वनीवर हव्या त्या गवयाचे गाणे मिळत असता भवानीनगरच्या भजनी मंडळाचे बेसूर कोणी का ऐकावे? अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातल्या सभ्य लोकांनीही हीच तक्रार केली होती. तेथे एका विमा कंपनीच्या नभोवाणी केंद्राने १९२५ च्या नोव्हेंबरात खेडवळ वाद्यगायनाचा थेट कार्यक्रम सुरू केला. पहिला वादक होता सत्त्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा फिडलवाला. विद्येचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या त्या नगरीला या गावंढळपणाची लाज वाटली. आज शंभर वर्षे उलटली तरी ‘ग्रँड ओल ऑप्री’ चालू आहे, आणि नॅशव्हिलची जगात ओळख आहे ती त्या संगीतामुळे. बारामतीतून असे काही निघेल, असे आमचे भाकीत नाही. ऐकण्यापूर्वीच नाक मुरडू नये, इतकेच.

ध्वनिक्षेपकापुढे कोण यावे, याचाही विचार हवा. बोलाविल्यावाचून येणारे नेहमीचेच: शिक्षक, सहकारी पतपेढीचे चिटणीस, हौशी कवी. त्यांना मज्जाव नको. पण केंद्राने वाट वाकडी करून गेले पाहिजे ते इतरांकडे. जिरायती सुपे-मोरगाव पट्ट्यातील धनगरांच्या ओव्या आहेत, जेजुरीच्या वाटेवरचे वाघ्या-मुरळी आहेत. माळेगाव, सोमेश्वर आणि छत्रपती या कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कोप्या बांधून राहतात. त्यांच्या बायकांना आपल्या गावचे गाणे महिनोन्‌महिने कोठे ऐकू येते? एका कोपीपुढे रात्री आठ वाजता ध्वनिक्षेपक ठेवून पाहावा. पहाटे कोयता घेऊन निघावयाचे असल्यामुळे कार्यक्रम मात्र वेळेवर संपवावा लागेल.

इंदापूरचा प्रश्न वेगळा आहे. बारामतीहून ते सुमारे पन्नास किलोमीटर. निमगाव केतकीच्या किंवा सराटीच्या माणसाने बारामतीच्या मनोऱ्यावरून गायले तर बारामती ऐकेल, पण त्याची स्वतःची आळी ऐकणार नाही. आणि आपल्या आळीने ऐकावे हाच तर साऱ्याचा हेतू. उजनीच्या काठचे भिगवण, वालचंदनगरची कामगारवस्ती, तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते ते बेलवडी, यांचा आवाज त्यांनाच ऐकवावयाचा तर मनोरा त्या बाजूला हवा. बारामतीने आपल्या कक्षेपुरते करावे, पण तालुक्याच्या नावाने खोटे समाधान मानू नये.

आता पैशाचे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातींचा वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेला आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर केला. केंद्रे तगावयाची तर हे योग्यच झाले. परंतु बारा मिनिटे म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा, आणि या कार्यक्रमाला श्रोता असणार हे हेरून पहिली मागणी याच तासाला येईल. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा रस्त्यावरील फलकांवर आम्ही रोज पाहतो; त्या ध्वनिरूपाने गोंधळ्याच्या संबळीमध्ये घुसू नयेत, असा नियम संचालकांनी आधीच लिहून ठेवावा. जाहिरातीच्या उत्पन्नातून गाणाऱ्याला मानधन मिळावे, निदान येण्याजाण्याचा खर्च तरी. नारळ व शाल यांवर कलावंत परत पाठविण्याची आपली रीत ध्वनिक्षेपकापर्यंत नेऊ नये.

शेवटची गोष्ट जतनाची. प्रक्षेपित झालेला कार्यक्रम तीन महिने सांभाळावा, असा नियम आहे. पण तो तक्रार आल्यास पुरावा असावा म्हणून. हेमा राइरकर व गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या नसत्या, तर गिरणी आल्यावर त्या कोठे राहिल्या असत्या? थेट तासात काय येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणूनच ते पुसून टाकणे धोक्याचे. वर्षाचे बावन्न तास साठविण्यास आज खिशात मावणारे साधन पुरते. त्याबरोबर विद्या प्रतिष्ठानच्या ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी, आणि गाणाऱ्याचे नाव, गाव, कोणाकडून शिकला आणि काय गायले एवढे त्याच रात्री तीत लिहून घ्यावे.